कमान, नळ आणि चेंबर : राखीव जागेवरच्या एका उमेदवाराचे टिपण

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मराठवाड्यातील ज्या शहरात मी राहतो तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या एका जागेवर मी उभा होतो आणि पडलो. पडल्याचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी हा लेख लिहीत नाही. निवडणुकीनंतर मते किती पडली, खर्च किती झाला, कोणी दगा दिला, हे विचारणारे पुष्कळ भेटले. निवडून आला असतास तर आधी काय केले असतेस आणि तेच आधी का, हे एकानेही विचारले नाही. आपल्या चळवळीत विधानसभेच्या आणि लोकसभेच्या राजकारणावर रात्र रात्र चर्चा होतात. नगरसेवक मात्र आपल्याला दिवाबत्तीचा माणूस वाटतो. वस्तुतः आपल्या बायका पहाटे किती वाजता उठतात, पोरे कोणत्या शाळेत जातात आणि आपला माणूस गटारात उतरतो की नाही, हे बहुतांशी महापालिकेच्या कचेरीत ठरते. म्हणून उमेदवारीच्या काळात मी जी कामांची यादी केली ती कशी केली, तिचा क्रम तसाच का लावला आणि ती माझ्या अंगावर कशी उलटली, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रथम राखीव जागा म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. मुंबई सोडली तर आमच्यासारख्या शहरांत एका प्रभागातून साधारणपणे चार सदस्य निवडतात. त्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. मतदाराने प्रत्येक अक्षरासाठी एकेक मत द्यायचे. आमच्याकडे अ जागा अनुसूचित जातीची. याचा अर्थ असा की माझी वस्ती ज्या प्रभागाचा एक कोपरा आहे, त्या संपूर्ण प्रभागाने मला मत द्यायचे. त्यात सोसायट्या आल्या, बंगले आले, बाजारपेठ आली. वस्ती एका बाजूला आणि उरलेला प्रभाग दुसऱ्या बाजूला गेला, तर राखीव जागेवर कोण बसणार हे वस्ती ठरवीत नाही, उरलेला प्रभाग ठरवितो. बसणारा माणूस आपल्याच जातीचा असतो एवढीच खात्री.

हा प्रश्न नवा नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या, तेव्हापासून तो आपल्या मागे लागलेला आहे. बाबासाहेबांनी त्यातून एक वाट शोधली होती, ती आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात अनेक सदस्यांचे मतदारसंघ होते आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता येत असत. बाबासाहेब या पद्धतीच्या बाजूचे होते, कारण संख्येने थोड्या असलेल्या समाजाला आपली मते एकवटून आपल्या भरवशाचा माणूस निवडता येतो. स्वतंत्र मजूर पक्षाच्या त्या वेळच्या यशात या पद्धतीचा वाटा होता. आजच्या प्रभागातही चार सदस्य आहेत, चार मते आहेत. पण ती एकवटता येत नाहीत. अ चे मत अ लाच. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, आतला नट काढून घेतला आहे.

चार जागा म्हटल्या की पॅनेल आले. पक्षाने मला पॅनेलमध्ये घेतले तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करतो. एकट्याला जो खर्च पेलला नसता तो चौघांत वाटला गेला. पण पॅनेलचे पत्रक एक निघते, त्यावर चार फोटो असतात आणि कामांची यादीही एकच असते.

यादीसाठी मी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वस्तीत दोनदा घरोघर फिरलो. पहिल्या फेरीत मी सरळ विचारले, काय पाहिजे? लोकांनी सांगितले ते असे : वस्तीच्या तोंडाशी कमान पाहिजे, पुतळ्याभोवती ग्रॅनाइट पाहिजे, समाजमंदिरावर मजला पाहिजे, गल्लीत गट्टू पाहिजेत. दोन वह्यांची पाने याच मागण्यांनी भरली. मी रात्री ती वाचीत बसलो तेव्हा ध्यानात आले की लोकांनी मला आपली गरज सांगितलेलीच नाही. नगरसेवक काय देतो ते इतक्या वर्षांच्या अनुभवाने त्यांना पाठ झाले आहे, तेवढेच त्यांनी मागितले. दुकानात जे मांडलेले असते तेच गिऱ्हाईक मागते.

दुसऱ्या फेरीत मी प्रश्न बदलला. काल तुम्ही किती वाजता उठलात, आणि का? मग वही वेगळी भरू लागली.

एक म्हातारी मावशी म्हणाली, "भाऊ, म्या साडेतीनला उठते. नंतर उठलं तर तितं लाइन लागती आन् उजाडलं की गडीमाणसं येतात." तिते म्हणजे सार्वजनिक संडास. आमच्या वस्तीतल्या संडासात बायकांच्या बाजूला बारा खोल्या आहेत. त्यांतल्या पाचांना दारे नव्हती, म्हणून त्या वापरात नव्हत्या. उरलेल्या सातांमागे मी माणसे मोजली तर एका खोलीवर शंभराहून अधिक बायका येत होत्या. स्वच्छ भारत मोहिमेचा शहरांसाठीचा मापदंड सामुदायिक संडासात पंचवीस बायकांमागे एक आणि पस्तीस पुरुषांमागे एक खोली असा आहे. नववी-दहावीच्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस शाळेत जात नाहीत, कारण शाळेतल्या संडासाला पाणी नाही. बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. एक बाई मला म्हणाली, डॉक्टरनं पाणी पी म्हणून सांगितलं, पण डॉक्टरच्या घरात संडास आहे ना. हे सगळे बोलताना एकाही बाईने 'मागणी' हा शब्द वापरला नाही. ती त्यांच्या दिवसाची हकीकत होती. म्हणून यादीत पहिला क्रमांक संडासाला दिला.

पण इथेच थांबलो असतो तर मीही आणखी एक कमान मागणारा झालो असतो. आपले कार्यकर्ते संडास मागतात, नगरसेवक तो बांधतात, त्यावर आपले नाव रंगवितात. त्या संडासाचा मैला पुढे कुठे जातो हे कोणी विचारीत नाही. आमच्याकडचा मैला कुठेच जात नव्हता. खाली टाकी आहे. ती भरली की ठेकेदाराची गाडी येते, आणि गाडीचा पाइप जिथे पोचत नाही तिथे दोर आणि बादली घेऊन पोरे उतरतात. ती पोरे कोणाची असतात हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे आपण आपल्या बायकांसाठी संडास मागतो आणि त्याचा हिशोब आपल्याच पोरांच्या अंगावर फिटतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९९३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी आणली. २०१३ च्या कायद्याने ती व्यापक केली आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली हे चांगलेच झाले. माणूस टाकीत उतरू नये याची व्यवस्था मात्र न्यायालय बांधून देऊ शकत नाही. ती व्यवस्था म्हणजे जमिनीखालची मलवाहिनी आणि तिचे चेंबर, यंत्राची गाडी आत येईल एवढा रस्ता, आणि ठेकेदाराच्या करारात तशी अट. या तीनही गोष्टी महापालिकेच्या हातातल्या आहेत.

मी मलवाहिनीचा नकाशा मिळविला. मुख्य वाहिनी आमच्या संडासापासून शंभर मीटरच्या आत आहे. मध्ये एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे एका सोसायटीचा नवाकोरा सिमेंटचा रस्ता. आमचा संडास त्या वाहिनीला जोडायचा तर तो रस्ता फोडावा लागेल. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण माझी निवडणूक याच रस्त्यावर पडली.

दुसरा क्रमांक पाण्याचा. महाडचे नाव आपण दरवर्षी २० मार्चला घेतो, पण महाडचा सत्याग्रह एका नगरपालिकेच्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता हे बोलताना विसरतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले. तेव्हा ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला! पुढे दावा चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. ठराव झाला, ठराव फिरविला, आणि हक्क शाबीत व्हायला त्यानंतर दहा वर्षे लागली. नगरपालिकेत बसणाऱ्या माणसाने हा इतिहास स्फूर्तीसाठी तर वाचावाच, पण कारभार कसा चालतो हे कळण्यासाठीही वाचावा. सभागृहात हात वर झाले म्हणजे पाणी आले असे नव्हे.

आज तळ्यावर मनाई करणारा कोणी नाही. आज कागद आडवा येतो. घर कायदेशीर नाही, म्हणून नळजोडणी नाही. नळ नाही, म्हणून पाणीपट्टी नाही. पाणीपट्टी नाही, म्हणून तुम्ही फुकटे. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना म्हटले की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणावरून पाणी पूर्ण नाकारता येणार नाही. हा निर्णय मुंबईपुरता दिला गेला, पण त्यातील तत्त्व आमच्या शहराला लागू होऊ नये असे काहीच नाही. मी यादीत लिहिले : पाच-पाच कुटुंबांमागे एक नळ, मीटरसह, पैसे भरून. पैसे भरून हे शब्द मी मुद्दाम घातले. टँकरवाल्याला आमच्या बायका जे देतात ते पाणीपट्टीहून कमी नाही. आपण भिकेचे पाणी मागत नाही आहोत, हे पावतीवर लिहिलेले असले पाहिजे.

तिसरा मुद्दा कंत्राटी सफाई कामगारांचा. यावर मला थोडे जास्त बोलावे लागेल आणि घरचेही सांगावे लागेल.

माझी आई महापालिकेच्या रस्त्यावर झाडू मारीत होती. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. आई निवृत्त झाली तेव्हा मी बी.ए. झालेलो होतो. अर्जावर वारस म्हणून माझे नाव घालायचे ठरले. मी घातले नाही. बाबासाहेबांचे नाव घेऊन मी घरात मोठे भाषण केले की झाडू हा वारसा नव्हे. धाकट्या भावाने मुकाट्याने अर्ज भरला. आज तो कायम नोकरीत आहे. त्याच्या पगारावर आईचे औषध चालले, बहिणीचे लग्न झाले, आणि माझ्या निवडणुकीची अनामत रक्कमही त्यानेच भरली. तेव्हा या प्रश्नावर भाषण करण्याचा मला कितपत अधिकार आहे हे मीच स्वतःला विचारतो.

वारसा हक्काने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. ज्या कामाला दुसरे कोणी हात लावीत नव्हते त्या कामात निदान कायम पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शनची हमी दिली. आणि ते काम त्याच जातींच्या घरात पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवले. आपल्यातले शिकलेले लोक दुसरी बाजू तेवढी पाहतात. कामगार पहिली बाजू पाहतो, आणि तो चूक नाही. कारण कायम नोकरी गेली तेव्हा काम दुसऱ्या जातीकडे गेले नाही. ते त्याच घरातल्या पोराकडे गेले, फक्त ठेकेदारामार्फत, निम्म्याहून कमी मजुरीवर, ना रजा ना हातमोजे. जात तशीच राहिली, पगार तेवढा गेला. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी कामगारांसाठी लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात ते महापालिकेचे कायम कामगार ठरले. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला त्याला आज नव्वद वर्षे झाली. आपल्या शहरातल्या हजेरी शेडवर मात्र संघ नाही, मुकादम आहे.

नगरसेवक कामगारांना एका ठरावाने कायम करू शकत नाही. त्याला पदांची शासनमान्यता लागते. पण ठेकेदाराचे बिल पास होण्यापूर्वी मजुरीच्या बँक नोंदी आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या जोडल्या पाहिजेत, असा आग्रह तो धरू शकतो. सभागृहात प्रश्न विचारू शकतो. ठेक्याचा करार मागवून तो हजेरी शेडवर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. मी एवढेच लिहिले होते. कामगारांना ते थोडे वाटले. ठेकेदाराला पुष्कळ वाटले.

इथे महापालिकेचा कारभार कसा चालतो हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपले बरेच उमेदवार ते जाणल्यावाचून आश्वासने देतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे दिली आहेत : साफसफाई, मलनिस्सारण, पाणी, दिवे, प्राथमिक शाळा, स्मशाने वगैरे. कलम ६६ मध्ये मर्जीची कामे आहेत. कमान, कारंजे, उद्यानातला पुतळा ही मर्जीची कामे. आपल्या वस्तीला नेहमी मर्जीतले मिळते आणि सक्तीतले राहून जाते, आणि मिळालेल्या मर्जीबद्दल आपण सत्कार करतो. अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताचा असतो. अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतो आणि तिथून ते सभागृहात येते. ३१ मार्चच्या आत ते व्हावे लागते. म्हणजे ज्याला गटार पाहिजे त्याने हिवाळ्यातच कनिष्ठ अभियंत्याकडून मोजमाप आणि खर्चाचा अंदाज करून घेतला पाहिजे. जे काम अंदाजपत्रकात कोणत्या तरी लेखाशीर्षाखाली आलेले नाही ते होत नाही, मग त्यासाठी कितीही मोर्चे काढा. मोर्चे काढू नयेत असे मी म्हणत नाही. मोर्चा डिसेंबरात काढावा, जूनमध्ये नव्हे.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्मा केला. नगरसेविकेच्या नवऱ्याने कारभार करायचा ही रीत अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे, हे खरे. पण माझा अनुभव असा की यादीतली एकूण एक खरी बाब मला बायकांनी दिली. गड्यांनी कमान दिली.

कमानीची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्या वस्तीला शहराने शंभर वर्षे हिणकस नावाने ओळखले तिच्या तोंडाशी बाबासाहेबांचे नाव सिमेंटात उभे राहावे यात मोठा अर्थ आहे. २०२० साली राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, आमच्याकडे पाटीही बदलली. मला खटकते ते दुसरेच. कमान देणारा कमानीच्या बदल्यात गटार विसरण्याची मुभा घेतो. आणि या बाबतीत आपल्याला एक जुना दाखला आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास यायचा होता तेव्हा त्याच्या स्वागतासाठी शहर सजविण्यावर नगरपालिकेचा पैसा खर्चण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा असे त्यांचे म्हणणे होते. शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी लिहिले. शासननियुक्त सभासद असून त्यांनी हे केले. आज आपला निवडून आलेला सभासद कमानीविरुद्ध बोलायला कचरतो. मीही कचरलो. पत्रकातून कमान काढा असे मी म्हणालो नाही, माझे चार मुद्दे तेवढे घाला असे म्हणालो.

चौथा मुद्दा महापालिकेच्या शाळेचा आणि अभ्यासिकेचा होता. समाजमंदिर आपल्याकडे आहेच. त्याची किल्ली एका माजी पदाधिकाऱ्याच्या घरी असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरे रात्री रस्त्याच्या दिव्याखाली बसतात. मजला चढविण्याऐवजी किल्ली मिळाली तरी पुष्कळ काम होईल. शाळेबद्दल एवढेच की मुलींच्या संडासाला पाणी, हे वर आलेच आहे. घरांच्या मालकीचा प्रश्न मी यादीत घेतला नाही. गुंठेवारीतल्या घरांसाठी २००१ चा कायदा आणि त्यात २०२१ साली झालेली दुरुस्ती आहे. आमची वस्ती शासकीय जमिनीवर आहे, तिचा निर्णय मुंबईत मंत्रालयात होतो. जे आपल्या हातात नाही ते पत्रकात घालून मते घेणे ही फसवणूक आहे. माझ्या विरुद्धच्या उमेदवाराने ते घातले होते, आणि त्याला त्याची मते पडली.

आता यादीचे काय झाले ते. पॅनेलची बैठक ब जागेवरच्या उमेदवाराच्या घरी झाली. मी चार मुद्द्यांचा कागद दिला. त्याने वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाला, "सर, पत्रक सगळ्या प्रभागासाठी आहे. संडास, मैला असलं फोटोखाली बरं दिसत नाही. आणि तुमच्या लोकांसाठी कमान टाकलीय की." पाण्याचा मुद्दा 'मुबलक पाणी' एवढ्या दोन शब्दांत राहिला. सफाई कामगार गेले. मलवाहिनीच्या जोडणीबद्दल मी आग्रह धरला तेव्हा चौथा उमेदवार, जो त्याच सोसायटीत राहतो, उठून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी झालेला रस्ता फोडायचा? कशासाठी?

मी कशासाठी ते सांगितले. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "पण मग ते पाणी आमच्या लाइनीतून जाणार." मलवाहिनी महापालिकेची आहे आणि सोसायटीचा मैलाही तिच्यातूनच जातो, हे सांगण्याची पाळी माझ्यावर आली. कोणाचा मैला कोणाच्या मैल्याला शिवल्याने बाटतो, हे धर्मशास्त्रातही सापडणार नाही.

शेवटी मी स्वतःचे वेगळे पत्रक काढले. एक रंगाचे, स्वस्त कागदाचे, भावाच्या पैशाने. त्यात चारही मुद्दे होते आणि नकाशाही होता. वस्तीत ते बायकांनी घरोघर वाटले. ते सोसायटीतही पोचले, कोणी पोचविले ते मला माहीत नाही. मतमोजणीत वस्तीच्या केंद्रांवर मी पुढे होतो. सोसायट्यांच्या केंद्रांवर ब, क आणि ड ला आमच्या पॅनेलची मते पडली आणि अ ला दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराची. तो माझ्याच जातीचा आहे, चांगला माणूस आहे, त्याच्या पत्रकात कमान होती आणि संडास नव्हता. पॅनेलचे तिघे निवडून आले. मी वर जे मतदानपद्धतीबद्दल लिहिले ते पुस्तकी नव्हते हे वाचकांच्या आता लक्षात येईल.

माझी चूक झाली काय? आमच्यातले काही म्हणतात झाली. आधी निवडून यायचे, मग संडास काढायचा. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही, कारण पडलेल्या माणसाला रस्ता फोडता येत नाही. पण जो मुद्दा लपवून निवडून आलो असतो तो नंतर कोणत्या तोंडाने मांडला असता, हेही मला उमगत नाही. रस्ता फोडू नका म्हणणाऱ्यांच्या मतावर निवडून आलेला सभासद रस्ता फोडीत नाही. तो कमान बांधतो.

निवडणुकीनंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तरात कळले की आमच्या संडासाला मलवाहिनीशी जोडण्याचा खर्चाचा अंदाज प्रशासकाच्या काळातच तयार झाला होता. त्यावर शेरा होता : रस्ता नवीन असल्याने तूर्त प्रस्तावित नाही. म्हणजे काम शक्य आहे हे कचेरीला ठाऊक होते. तो कागद घेऊन मी अ जागेवरच्या विजयी नगरसेवकाकडे गेलो. माझा प्रतिस्पर्धी होता तो. त्याने चहा दिला, कागद दोनदा वाचला आणि विचारले, "यावर सही केली तर सोसायटीवाले मला पुढच्या वेळी ठेवतील का?" मी म्हणालो, नाही ठेवणार. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने अभियंत्याला फोन लावला.

बायकांच्या पाच खोल्यांना दारे बसली आहेत, लोखंडी. गेल्या आठवड्यात कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आला. संडासापासून मुख्य चेंबरपर्यंतचे अंतर ८६ मीटर भरले. त्याने भिंतीपर्यंत आणि भिंतीपलीकडे सिमेंटच्या रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली. साडेतीनला उठणारी मावशी ती रेघ बघायला भिंतीपर्यंत आली होती. येत्या रविवारी सोसायटीची बैठक आहे. अ च्या नगरसेवकाला बोलावणे आहे, मला नाही. त्याच्याबरोबर मी आणि वस्तीतल्या सात-आठ बायका जाणार आहोत.